आधी तहकीक, मग डिलीट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. दौंडहून भाच्याचा फोन आला. आवाज घाबरलेला होता.

"खाला, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी घुसलंय. डी ड्राइव्हवर आम्ही न बनवलेले सात-आठ फोल्डर दिसतायत. एक तर उघडतच नाही, परवानगी नाही म्हणतो. दुकानवाल्याला फोन केला, तो म्हणाला व्हायरस असेल, उद्या घेऊन या, फॉरमॅट मारून देतो."

मागून आपांचा आवाज आला, "तिला सांग, त्यात तुझ्या अब्बांचं सगळं आहे."

हे 'सगळं' म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे. दुल्हेभाई रेल्वेत नोकरीला होते. दौंड हे जंक्शनचे गाव, रेल्वेची नोकरी तिथे घरोघरी आहे. निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना म्हणून त्यांनी कॉम्प्युटर शिकून घेतला. पेन्शनचे कागद, घराची कागदपत्रे, मुलांच्या शाळेचे दाखले, लग्नांचे फोटो असे सगळे त्यांनी स्वतः स्कॅन करून नीट नावे देऊन डी ड्राइव्हवर लावून ठेवले होते. शेवटच्या वर्षी नातवंडांसाठी ते रोज एक गोष्ट मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करत आणि तीही तिथेच ठेवत. दीड वर्षापूर्वी त्यांचा इंतकाल झाला. मोबाइल नंतर बिघडला. राहिला तो कॉम्प्युटर आणि त्यातला डी ड्राइव्ह. दुसरीकडे कुठेही कॉपी नव्हती.

आम्ही भाच्याला एवढेच म्हणालो, "काहीही डिलीट करू नको. दुकानात नेऊ नको. मशीन बंद करून ठेव. रविवारी येतो."

आमची चूक

इतक्या घाईने आम्ही 'थांब' का म्हणालो, त्याला कारण आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी शिरूरला आमच्या घरी हेच झाले होते. पेन ड्राइव्ह लावला, काही अनोळखी फोल्डर दिसले, आम्ही घाबरलो आणि मशीन उचलून दुरुस्तीला दिले. कारागिराने विचारले, "पूर्ण फॉरमॅट करू ना?" आम्ही मान हलवली. 'पूर्ण' म्हणजे सी आणि डी दोन्ही, हे आम्ही विचारले नाही, त्याने सांगितले नाही. संध्याकाळी मशीन चकाचक होऊन आले. आत काहीच नव्हते.

दहा वर्षांच्या उर्दूच्या प्रश्नपत्रिका गेल्या. इनपेजमध्ये रात्र-रात्र जागून टाइप केलेल्या. त्याचे वाईट वाटले, पण त्या पुन्हा करता आल्या. आमच्या अम्मीचे शेवटच्या आजारपणाआधीचे फोटो मात्र पुन्हा काढता येणार नव्हते. कारागिराला दोष देत नाही. त्याने विचारले होते. आम्ही न समजता 'हो' म्हणालो. व्हायरसने आमचे काहीही नेले नव्हते. नेले ते आमच्या भीतीने.

म्हणून रविवारी सकाळची एसटी धरली. शिरूरहून न्हावरा, तिथून चौफुला आणि पुढे दौंड. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. पिशवीत एक वही, पेन आणि आमची पोर्टेबल हार्ड डिस्क होती.

सी कुणाचा, डी कुणाचा?

मशीन सुरू करण्याआधी भाच्याला एक प्रश्न विचारला. "हार्ड डिस्क सीपासून का सुरू होते? ए आणि बी कुठे गेले?" त्याला माहीत नव्हते. त्याच्या पिढीने फ्लॉपी पाहिलेलीच नाही. जुन्या काळी ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली असत, म्हणून हार्ड डिस्कला सी मिळाले. फ्लॉपी गेली, अक्षर तसेच राहिले.

आपल्याकडे कॉम्प्युटर देताना एकाच डिस्कचे दोन भाग करून देण्याची पद्धत पडली. सी मध्ये विंडोज, डी मध्ये आपला डेटा. त्यामुळे आपल्या मनात पक्के बसले की सी मशीनचा आणि डी आपला. आपल्या खोलीत दुसऱ्या कुणाचे सामान दिसले की माणूस दचकणारच.

पण विंडोजला ही वाटणी ठाऊक नसते. तिच्या दृष्टीने सी आणि डी दोन्ही तिच्याच देखरेखीखाली आहेत. प्रत्येक ड्राइव्हवर ती आपले थोडे सामान ठेवतेच. एरवी ते आपल्याला दिसू नये म्हणून झाकलेले असते. झाकण उघडले की सगळे एकदम दिसते, आणि आपल्याला वाटते की आजच कुणीतरी आत आले.

तीन प्रश्न

आम्ही वहीत रकाने आखले. फोल्डरचे नाव, तो कधी तयार झाला, त्यात काय आहे, आणि त्या दिवशी घरात कॉम्प्युटरवर काय केले होते. वर्गात मुलांना शिकवतो तसेच. अफवा आणि बातमी यांतला फरक तारीख विचारल्यावर कळतो.

फोल्डरवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज उघडले की तयार झाल्याची तारीख आणि वेळ दिसते. भाचा तारखा वाचत गेला, आम्ही लिहीत गेलो. दोन-तीन फोल्डर मशीन घेतले त्या वर्षीचे निघाले. म्हणजे ते पहिल्यापासून तिथेच होते. मग आताच कसे दिसले?

"परवा तू काही सेटिंग बदललंस का?"

भाचा जरा घुटमळला. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात सांगितल्याप्रमाणे त्याने लपवलेल्या फाइली दाखवण्याची खूण केली होती आणि सिस्टीमच्या संरक्षित फाइली लपवण्याची खूण काढून टाकली होती. विंडोजने तेव्हा इशाराही दिला होता, त्याने न वाचताच 'येस' दाबले होते. अर्ध्या गोष्टीचा उलगडा तिथेच झाला. पाहुणे नवे नव्हते. दिवा नवा लावला होता.

उरलेले एकेक करून पाहिले. वाचकांच्या घरीही हेच दिसतील, म्हणून क्रमाने सांगतो.

पहिला, डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारा रिसायकल बिन. डेस्कटॉपवर जी कचरापेटी दिसते तिचा हा डी ड्राइव्हवरचा भाग. प्रत्येक ड्राइव्हची पेटी वेगळी असते. आत एस अक्षराने सुरू होणारे आणि पुढे लांबलचक आकडे असलेले फोल्डर असतात. ते पाहून भाच्याला वाटले होते की हा हॅकरचा कोड आहे. प्रत्यक्षात तो ते मशीन वापरणाऱ्याचा नंबर असतो. शाळेच्या हजेरीपटावर मुलाचा नंबर असतो तसा. घरात तिघांची वेगळी खाती असतील तर तीन नंबर दिसतील. विंडोज एक्सपीमध्ये याच पेटीचे नाव रिसायकलर होते, व्हिस्टापासून ते बदलले. हा फोल्डर डिलीट केला तर विंडोज तो पुन्हा बनवते, पण त्या पेटीतल्या, परत आणता येण्याजोग्या फाइली मात्र जातात.

दुसरा, सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन. भाच्याला 'परवानगी नाही' म्हणणारा तो हाच. सिस्टीम रिस्टोअरची माहिती, फाइलींच्या जुन्या प्रती, शोध लवकर लागावा म्हणून केलेल्या नोंदी हे सगळे विंडोज यात ठेवते आणि आपल्यालाही आत येऊ देत नाही. पेन ड्राइव्ह विंडोजच्या मशीनला लावला की त्यावरही हा तयार होतो. याने कधीकधी जागा बरीच खाल्लेली असते. ती कमी करायची तर सिस्टीम प्रोटेक्शनमध्ये जाऊन जागेची मर्यादा ठरवता येते. फोल्डरचे कुलूप फोडून आत शिरायची गरज नाही. तसे करायला सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यांच्या नादी लागू नये.

तिसरा गट विंडोजॲप्स, डब्ल्यूपीसिस्टीम, प्रोग्राम फाइल्स आणि खुद्द भाच्याच्या नावाचा एक फोल्डर. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. त्या दिवशी काय केले होते? सी ड्राइव्ह भरला म्हणून भाच्याने सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग स्टोरेज असे जाऊन 'नवे ॲप डी वर साठवा, नवे दस्तऐवज डी वर साठवा' असे निवडले होते. विंडोजने हुकूम पाळला. ॲप ठेवायला जागा हवी, म्हणून हे फोल्डर उभे केले. दस्तऐवजांसाठी त्याच्या नावाचा फोल्डर केला. पाहुण्याला बोलावणे आपणच धाडले होते. हे फोल्डर हाताने डिलीट करायला गेले तर विंडोज अडवते, कारण त्यांची मालकी तिने स्वतःकडे ठेवलेली असते. नको असतील तर त्याच सेटिंगमध्ये पुन्हा सी निवडावे, डी वरचे ॲप काढावेत किंवा सी वर हलवावेत, आणि मग पाहावे. आमच्या भाच्याच्या सी मध्ये जागाच नव्हती. ते फोल्डर होते तिथेच राहू दिले. त्यांनी कुणाचे काही बिघडवले नव्हते.

चौथा सगळ्यांत भीतिदायक दिसणारा. नावाच्या जागी नुसते आकडे आणि ए ते एफ अशी अक्षरे, एका ओळीत वीस-पंचवीस. भाच्याची खात्री होती की व्हायरस असेल तर हाच. आत पाहिले तर मायक्रोसॉफ्टच्या एका साधनाचे तुकडे होते. हे साधन महिन्याच्या अपडेटबरोबर येते आणि मशीनमधले नेहमीचे व्हायरस शोधून काढते. अपडेट उघडण्यासाठी जागा लागते, तेव्हा ज्या ड्राइव्हवर सर्वांत जास्त जागा मोकळी असेल तिथे असा तात्पुरता फोल्डर होतो. काम झाले की तो आपोआप जातो. मध्येच वीज गेली किंवा मशीन बंद केले तर तसाच पडून राहतो. म्हणजे आम्ही ज्याला चोर समजत होतो तो गस्तीवरचा शिपाई निघाला, घरी जायचा राहिलेला. मशीन एकदा रिस्टार्ट केले, अपडेट पूर्ण होऊ दिले आणि मगच तो फोल्डर काढला. त्या दिवशी आम्ही काढलेला हा एकमेव फोल्डर.

जुन्या मशीनवर आणखी एक दिसतो, एमएसओकॅश नावाचा. जुन्या ऑफिसची ही शिदोरी. ऑफिस दुरुस्त करायची वेळ आली तर सीडी मागू नये म्हणून ठेवलेली. ऑफिस वापरत असाल तर राहू द्यावा. मोबाइलच्या मेमरी कार्डवर 'लॉस्ट डॉट डीआयआर' दिसतो, तो अँड्रॉइडचा. अर्धवट सापडलेल्या फाइली तो तिथे टाकतो.

शेवटचा फोल्डर

वहीत एक नाव उरले होते. 'फाउंड', मग टिंब आणि तीन शून्ये. तारीख पावसाळ्यातली.

"त्या दिवशी काय झालं होतं?"

भाच्याला आठवेना. आपा स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्या दिवशी रात्री लाइट सारखी जात होती. कॉम्प्युटर चालू होता. मग सुरू केला तर काळा पडदा आणि टक्के दाखवत होता."

तेव्हा आमच्या लक्षात आले. वीज अचानक गेली की लिहिणे चालू असलेल्या फाइलींचा हिशेब चुकतो. पुढच्या वेळी मशीन सुरू होताना विंडोज डिस्क तपासते. फाइल आहे पण तिचा पत्ता हरवला आहे, असे जे जे सापडते ते ती या फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये आणून ठेवते. पोस्टात पत्ता न लागलेली पत्रे एका बाजूला ठेवतात, तसे.

"आपा, पावसाळ्यानंतर काही हरवलं होतं का?"

आपा बाहेर आल्या. "त्यांच्या गोष्टींचा फोल्डर. निम्मा रिकामा झालाय. मला वाटलं, पोरांपैकी कुणीतरी खेळताना उडवलं. कुणाला बोलले नाही."

आधी तो संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा आमच्या हार्ड डिस्कवर कॉपी केला. मूळ जागी कशालाही हात लावला नाही. मग कॉपी उघडली. आत सीएचके असे शेपूट असलेल्या बऱ्याच सुट्या फाइली होत्या. त्यांची नावे गेलेली असतात. आकारावरून अंदाज घेऊन शेपूट बदलून पाहावे लागते. फोटो वाटला तर जेपीजी, आवाज वाटला तर मोबाइलच्या रेकॉर्डिंगचे शेपूट. बहुतेक उघडल्याच नाहीत. त्या खरोखर मोडल्या होत्या. पण त्यातच एक उपफोल्डर होता आणि त्यातल्या फाइलींची नावे शाबूत होती. दुल्हेभाईंनी दिलेलीच नावे. तारीख आणि गोष्टीचे नाव.

भाच्याने एक लावली. आधी खाकरण्याचा आवाज, मग पंख्याची घरघर, मग, "हां, तर बच्चो, काल कुठं थांबलो होतो?"

आपा पिठाच्या हातानेच दारात उभ्या राहिल्या. कुणी काही बोलले नाही. गोष्ट संपेपर्यंत सगळे तिथेच होते. नऊ गोष्टी मिळाल्या. बाकीच्या नाही मिळाल्या. दुकानात नेऊन फॉरमॅट केले असते तर या नऊही गेल्या असत्या. आणि ज्या फोल्डरमध्ये त्या होत्या, त्याला भाचा दोन दिवसांपूर्वी डिलीट करायला निघाला होता.

मग खरा धोका कसा ओळखायचा?

याचा अर्थ व्हायरस नसतोच, असा मुळीच नाही. आपल्या पुणे जिल्ह्याला तर हे सांगायची गरज नाही. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीला येऊ लागले तेव्हा व्हायरसची तक्रार वारंवार येई. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकले होते, त्यांनी उपाय लिहिला आणि १९९५च्या सुमारास त्यातून क्विक हील उभे राहिले. दुरुस्तीच्या टेबलावर आधी बिघाड समजून घेतला, म्हणून औषध बनले.

व्हायरसही या अनोळखी फोल्डरांच्या नावाचा फायदा घेतात. २००८च्या नोव्हेंबरात आलेला कॉनफिकर हा पेन ड्राइव्हवर रिसायकलर असेच खोटे नाव घेऊन लपत असे आणि शेजारी ऑटोरन नावाची फाइल ठेवत असे. पेन ड्राइव्ह लावला की ती आपोआप चाले. २०११च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने अपडेट देऊन जुन्या विंडोजमध्ये पेन ड्राइव्हचे हे आपोआप चालणे बंद केले. म्हणून नावावर जाऊ नये, लक्षणे पाहावीत.

पहिले लक्षण: फोल्डरसारखे चित्र, पण प्रकार 'ॲप्लिकेशन'. व्ह्यूमध्ये जाऊन फाइलींची शेपटे दाखवण्याची खूण करावी. फोल्डरला शेपूट नसते. फोल्डरच्या चित्रापुढे ईएक्सई दिसले की तो फोल्डर नव्हे, प्रोग्राम आहे. त्यावर क्लिक करू नये.

दुसरे: पेन ड्राइव्हवरचे सगळे फोल्डर अचानक शॉर्टकट झाले, कोपऱ्यात छोटा बाण आला. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आल्यावर शाळेतल्या शिक्षकांना हा अनुभव हमखास येतो. अशा वेळी आपल्या फाइली बहुधा गेलेल्या नसतात, व्हायरसने त्या लपवलेल्या असतात. शॉर्टकट न उघडता आधी स्कॅन करावे, मग लपवलेल्या फाइली दाखवण्याची खूण करून त्या कॉपी कराव्यात. पेन ड्राइव्ह फॉरमॅट करायचा तो त्यानंतर.

तिसरे आणि सर्वांत गंभीर: आपल्याच फाइलींची शेपटे बदलली, एकही उघडत नाही, आणि जागोजागी पैसे मागणारी चिठ्ठी. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्रायने दीडशेच्या आसपास देशांत असाच धुमाकूळ घातला होता. असे दिसले तर लगेच इंटरनेट तोडावे आणि बॅकअपची डिस्क अजिबात लावू नये, नाहीतर तीही जाईल. सायबर गुन्ह्यासाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे, पोलिसांच्या ऑनलाइन पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

शंका राहिली तर विंडोज सिक्युरिटीमध्ये पूर्ण स्कॅन करावे. त्यातच 'ऑफलाइन स्कॅन' असा पर्याय असतो. तो मशीन बंद करून विंडोज सुरू होण्याआधी तपासतो, त्यामुळे लपून बसलेलेही सापडते. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनेही २०१७ पासून मोफत मिळतात. आपांच्या मशीनवर आम्ही दोन्ही प्रकारचे स्कॅन केले. काहीही निघाले नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्यांच्या घरी ती आहे, त्यांनी पुढच्या आवृत्तीचा विचार लांबवू नये.

अमानत दोन घरांत

जेवण झाल्यावर खरे काम केले. अनोळखी फोल्डर ओळखणे हे शहाणपण आहे, पण घराला वाचवते ती दुसरी कॉपी. दाखले, सातबारा, आधार हे आता पुन्हा मिळवता येतात. २०१५ पासून डिजिलॉकर आहे, सातबारा ऑनलाइन निघतो. फोटो आणि आवाज कोणत्याही कार्यालयात मिळत नाहीत.

तीन प्रती असाव्यात. एक मशीनमध्ये, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या घरात. सी वरून डी वर कॉपी केली म्हणजे दुसरी प्रत झाली, असे समजू नये. दोन्ही एकाच डिस्कचे तुकडे आहेत, डिस्क गेली की दोन्ही जातात. पेन ड्राइव्ह हा टपालवाला आहे, तिजोरी नव्हे. ने-आण करायला ठीक, वर्षानुवर्षे जपायला नाही. डिस्क कायम लावून ठेवू नये. कॉपी झाली की काढून कपाटात ठेवावी. आणि वर्षातून एकदा दोन-चार फाइली खरोखर उघडून पाहाव्यात. आमच्यासारख्या उर्दूच्या शिक्षकांना आणखी एक सांगणे आहे. इनपेजची फाइल इनपेज नसेल तिथे उघडत नाही, तेव्हा शेजारी तिची पीडीएफही ठेवावी.

आम्ही असे ठरवले. दौंडच्या डी ड्राइव्हची एक कॉपी आपांच्या कपाटात राहील, एक आमच्याबरोबर शिरूरला येईल. आमच्या घरचे फोटो आणि कागद दौंडला जातील. रमजान ईदला त्या शिरूरला येतात, बकरी ईदला आम्ही दौंडला जातो. शिरखुर्म्याच्या डब्याबरोबर डिस्कही ये-जा करेल. एका घरात चोरी झाली, आग लागली, पाणी शिरले, तरी दुसऱ्या घरात अमानत सुखरूप राहील.

निघण्याआधी भाच्याने लपवलेल्या फाइलींच्या दोन्ही खुणा पूर्ववत केल्या. फोल्डर दिसेनासे झाले. आहेत तिथेच आहेत, पण आता तो त्यांना ओळखतो. मग त्याने वहीतल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि ते मशीनवर चिकटवले: "दुरुस्तीला देण्याआधी: १) कॉपी झाली का? २) डी ड्राइव्हला हात लावायचा नाही, असे लिहून दिले का? ३) 'फॉरमॅट' म्हणजे नक्की काय काय जाणार, हे विचारले का?"

आम्ही म्हणालो, तिसरा प्रश्न आम्हाला तेव्हा कुणी शिकवला असता तर बरे झाले असते.

वाचकहो, आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर उद्या एखादे अनोळखी नाव दिसले तर दचकून बोट डिलीटवर नेऊ नका. आधी तारीख पाहा, आत काय आहे ते पाहा, त्या दिवशी घरात काय घडले ते घरच्यांना विचारा. कॉपी करा. मग हवे तर काढा. चोर असेल तर तो तरीही सापडेल. आणि चोर नसेल, तर आपलेच हरवलेले माणूस कदाचित तिथे आपली वाट पाहत असेल.

परतीच्या गाडीत आमच्या पिशवीत ती हार्ड डिस्क होती. आपांनी ती ओढणीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून दिली होती आणि दोनदा बजावले होते, "सांभाळून ने. मांडीवरच ठेव." चौफुल्यापासून शिरूरपर्यंत आम्ही ती मांडीवरच ठेवली.